आधी टाच

"ए, टाचा आपटू नको. फरशी फुटेल."

मॅडम म्हणाल्या. लगेच तन्वी, "मॅम, भूकंप आला." बारा मुली हसल्या. माझ्या हातात त्यांचेच जाळीचे झगे होते, मी शिवलेले. मीही हसले. हसावं लागतं.

मी परभणीकडची. आठवीनंतर शाळा सुटली. पोटासाठी मध्य प्रदेशात, बऱ्हाणपुरात आले. तिथं शनवारा वेशीजवळ मॅडमचा नाचाचा क्लास. त्यांनी गच्चीवरची खोली दिली, शिलाई मशीन दिली. ते मी विसरत नाही. विसरू देतही नाही कुणी.

पण तन्वीवर जळायचे. तिचे ते गुलाबी बूट. चवड्यावर उभी राहिली की जमिनीशी काही नातंच नाही. बॅले म्हणजे तेच, मॅडम सांगायच्या. वर, अजून वर. अंगाला वजनच नाही असं दिसलं पाहिजे. माझ्या अंगाला वजन होतं.

त्या वर्षी गॅदरिंगला दुसरा नाच ठरला, कोरियातला जुना. मुली दिवसभर मोबाइलवर कोरियन सिरियली बघायच्या, म्हणून. कपडे शिवायला मला व्हिडिओ दिला. छातीपासून सुटलेला घेरदार घागरा, पाय झाकलेले. मी घेर बघायला बसले आणि पायच बघत राहिले. पांढऱ्या मोज्यातला पाय हळूच बाहेर यायचा. आधी टाच, मग चवडा. गुडघे सैल, श्वासाबरोबर अंग खाली-वर. डोक्यावर हंडे घेऊन आई अशीच चालायची. मीही. पाणी सांडत नाही.

तालमीत मुली तोही नाच चवड्यावरच नाचल्या. घागरा उचलून, पाय दिसावेत म्हणून. माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, आधी टाच टेकते."

"आता आठवी पास शिकवणार आम्हाला?" मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये बोलावलं. व्हिडिओ पुन्हा बघितला होता त्यांनी. "सुन, तू विंगेत चाल. मुली तुला बघून पाय टाकतील. पालकांना दिसू नको फक्त."

नाही म्हटलं तर खोली जाईल. मशीन जाईल. तरी म्हणाले, "चालेन तर स्टेजवर. सगळ्यांत पुढं."

"नमकहराम."

"मीठ खाल्लंय, मॅडम. झगेही शिवलेत."

हातातले घागरे तिथंच ठेवले. मुलींमधून हॉल ओलांडला, टाचा टेकवत. फरशी फुटली नाही. कुणी हसलंही नाही.

तन्वीवर मी अजून जळते. खोटं कशाला सांगू. पण पडद्यामागं एक पाऊल टाकणार नाही. खोली गेली तरी.