पाहुणा मुका हाय व्हय?

लोखंड सगळ्यात लबाड कधी असतं सांगू? काळं झाल्यावर. लाल लोखंडाला शेंबडं पोरसुद्धा हात लावत नाही. पण लाली गेली की ते असं साळसूद होऊन पडतं की बघणाऱ्याला वाटतं, निवलं बिचारं! मग बोटं तोंडात घालून अंगणभर नाचायची पाळी येते. म्हणून भट्टीजवळचं काही उचलायचं झालं तर आधी हाताची पालथी बाजू जवळ न्यावी. धग लागली तर मुकाट मागं व्हावं. मी जन्मभर हे सांगत आलो आणि लोक जन्मभर भाजून घेत आले. मला काय, भाजा!

आता आमची भट्टी बंद आहे. ऐरण तेवढी दारात आहे आणि तिच्याशेजारी बसून मी फुकटचे सल्ले वाटतो. शेजारी म्हणालो हां, वर नाही. ऐरणीवर बूड टेकवणाऱ्याला मी अजूनही उठवून लावतो, मग तो गावचा कुणीही असो.

कोयता करायचा तर ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्याचा करावा. आमचं उंब्रज हमरस्त्यावर, त्यामुळं मोडक्या पाट्यांना तोटा नव्हता. पाणी द्यायच्या, म्हणजे तापलेलं पातं पाण्यात बुडवायच्या आधी लोखंडाचा रंग बघायचा तो सावलीत. उन्हात लालभडक लोखंडसुद्धा काळपट दिसतं, मग माणूस आणखी भाता मारतो, आणखी तापवतो आणि कोयत्याचं वाटोळं करतो. लोहाराच्या दुकानात अंधार असतो तो ह्यासाठी. लोकांना वाटतं आम्हाला झाडून घ्यायचा, खिडक्या पाडायचा आळस. आळस तुमच्या डोक्यात!

हे बघा, हे असं होतं माझं. बोलता बोलता तोंड सुटतं.

लोहारकाम दोघांचं. एकानं सांडशीत लोखंड धरायचं आणि लहान हातोड्यानं टुक करून जागा दाखवायची. दुसऱ्यानं त्याच जागेवर घण घालायचा, धाड! टुक-धाड, टुक-धाड. थांबवायचं असलं की हातोडा नुसत्या ऐरणीवर वाजवायचा, टिंग. एक अक्षर बोलायची गरज नाही. पण मला टुक-टुकवर समाधान कुठलं? ‘हाण! हितं हाण! डोळं काय गावाला गेल्यात तुझं?’ असा माझा पट्टा सुरू. माझ्या भट्टीवर घण घालायला कुणी टिकेना, आणि त्याच तोंडाची कीर्ती ऐकून जमत आलेली लग्नंही फिसकटली. आई धसका घेऊन बसली. लोहाराच्या घरात बाई नाही म्हणजे भाकरी नाही आणि घणही नाही, कारण आमच्यात घण बायकाच घालायच्या.

सत्तर सालानंतरची गोष्ट. आष्ट्याचं स्थळ आलं. ते लोक लांबचे, माझी कीर्ती तिथवर पोचलेली नव्हती. आईनं एस.टी.त बसल्या बसल्या दम भरला, “त्यांच्या दारात तोंड उघडलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील. नुसती मान हलवायची.” कराडला गाडी बदलली तेव्हा कंडक्टरशी माझी जराशी जुंपली, तर तिनं मांडीला असा चिमटा काढला की इस्लामपूरपर्यंत चुरचुरत होतं.

आष्ट्याला रस्त्याकडेलाच त्यांचं दुकान, मागं घर. मुलीचे वडील म्हणजे अंगानं दांडगे, मिशा पांढऱ्या, आणि बोलणं? देवाचं नाव घ्या! आम्हाला बघून मान हलवली, घोंगडीकडं बोट केलं आणि समोर बसले. मीही मान हलवून बसलो. सगळं बोलणं मुलीची आत्या करत होती. माझी आई आणि ती, दोघीच. आम्ही दोघं बाप्ये एकमेकांकडं बघून माना हलवतोय!

मग ती पोहे घेऊन आली. लोकांनी मुलीचं नाक बघावं, रंग बघावा. मी बघितला हात. बशी पुढं करताना मनगटाच्या वर ठिणग्यांचे बारीक बारीक डाग दिसले आणि माझ्या पोटात एकदम भाताच फुगला. म्हटलं, हीच! दुसरी नकोच! आता काय वाट्टेल ते होवो, मी तोंड उघडणार नाही.

“भट्टी बरी चालतीया न्हवं?” आत्यानं विचारलं. मी मान हलवली.

“पोह्यांत मीठ बरं हाय?” हलवली.

“घरनं कवा निघाला?” मी त्यालाही हलवली.

आत्यानं आईकडं बघितलं. आईनं घाईघाईनं, “तांबडं फुटताना,” म्हणून सांगितलं. आत्या आत गेली आणि आतून तिची कुजबुज चांगली रस्त्यापर्यंत ऐकू आली, “अगं बया, पाहुणा मुका हाय व्हय?” मला हसू असं दाटलं की पोह्याचा घास नाकात गेला. आईनं दुसऱ्या मांडीलाही चिमटा काढला.

तेवढ्यात रस्त्यावर आरडाओरडा झाला. कारखान्याला ऊस घेऊन निघालेली बैलगाडी दुकानासमोर एका अंगाला कलली होती. चाकाची धाव, म्हणजे लाकडाभोवतीची लोखंडी पट्टी, निसटून रस्त्यात पडलेली, आणि गाडीवान डोक्याला हात लावून उभा. उन्हानं लाकूड आटलं की धाव ढिली पडते. मग ती तोडायची, आखूड करायची, पुन्हा सांधायची आणि तापवून चढवायची.

मुलीचे वडील उठले. त्यांनी धाव बघितली, मग मला बघितलं आणि सांडशी माझ्या हातात दिली. परीक्षा! मी टेरिलीनचा नवा शर्ट काढून आईकडं फेकला आणि बनियनवर ऐरणीपुढं बसलो. घण घालायला कोण येतंय म्हणून बघतो तर त्या मुलीनंच पदर खोचलेला, घण खांद्यावर!

अहो, काय सांगू तुम्हाला! आखूड केलेल्या धावेची दोन्ही टोकं एकमेकांवर चढवली, सांधा धरावा म्हणून टाकणखार टाकला, लोखंड पांढरं होऊन फुलबाजीसारखं तडतडायला लागलं तसं बाहेर ओढलं. टुक म्हणायच्या आत धाड! मी दाखवीन तिथंच, केसाचा फरक नाही. टुक-धाड, टुक-धाड. असा घण माझ्या ऐरणीवर कधी पडलाच नव्हता. ‘शाब्बास गं वाघिणी’ असं ओरडावंसं वाटत होतं आणि मी ओठ चावत होतो. आई शर्ट छातीशी धरून माझ्या तोंडाकडंच बघत होती. सांधा असा बसला की कुठं जोडलं ते शोधावं लागावं. मी टिंग वाजवलं, ती थांबली. कपाळ पुसत तिनं माझ्याकडं बघितलं, पण ते बघणं काही खुशीचं दिसेना.

धाव तापवताना गोवऱ्या गोल रचाव्यात आणि आच सगळीकडून सारखी लागू द्यावी, नाहीतर एक बाजू फुगते, दुसरी रुसून बसते. आम्ही गोवऱ्या पेटवल्या, धाव लाल झाली. सगळ्यांनी मिळून सांडशांनी उचलली आणि चाकावर ठेवली. भक्कन धूर झाला, लाकडानं पेट घेतला. आता झटपट ठोकून सारखी करायची आणि लगेच पाणी ओतायचं. जरा उशीर झाला तर चाकाचा कोळसा. आणि नेमकी तेव्हाच धाव एका बाजूला उचलून बसली! ती पलीकडच्या बाजूला ठोकतेय, गाडीवान घागर घेऊन ज्वाळा बघतोय, तिच्या वडिलांचं धोतर आगीवर लोंबतंय आणि तरी ते आपले गप्प.

सुटलं माझं तोंड.

“अगं हिकडं हाण की! तिकडं काय, चाकाची आरती करतीयास व्हय? आणि तू रं, घागर घिऊन वरातीला आलायस काय? ओत! आवं मामा, सरका की, धोतार पेटतंय! समद्यांस्नी काय झोपा आल्यात?”

ती धावत आली आणि तिनं घण घातला. धाव बसली. गाडीवानानं दचकून सगळी घागर रिकामी केली. चर्रर्र झालं, वाफेत कुणी कुणाला दिसेना, धाव आवळताना चाक कुरकुरलं. वाफ सरली तेव्हा सगळे माझ्याकडं बघत होते. तिनं घण खाली टाकला आणि पळत घरात गेली.

आईनं शर्ट माझ्या अंगावर फेकला. आयुष्यात एक मुलगी मनात भरली, तिला मी चारचौघांत झापलं, आणि सासऱ्याच्या धोतरावर बोललो! मी शर्ट घातला, बटणं उलटीसुलटी लावली. निघावं, दुसरं काय.

ती दारात आली. डोळे भरलेले, पण तोंडावर हसू मावत नव्हतं. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. थेट वडिलांना म्हणाली, “आबा, मगाशी मी आत्तीला सांगून ठेवलं हुतं, पाहुण्यास्नी न्हाई म्हणा. मला वाटलं, ह्येबी मुकंच हाईत. आई गेल्यापास्नं ह्या घरात नुसता हातोडा बोलतोय, आबा. टुक केलं की हाण, टिंग केलं की थांब. मला शिव्या घातल्या तरी चालंल, पर बोलणारं माणूस पायजे.”

आत्यानं तोंडाला पदर लावला. मला आनंदानं उडी मारावीशी वाटली, पण त्या म्हाताऱ्याचं तोंड बघितलं आणि उडी राहिली. ते ओल्या धोतरात तसेच उभे होते. खाकरले.

“दिली,” म्हणाले.

मग तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“दिली गं बाय. पर यीत जा मधनं मधनं. माझ्यासंगं बोलायला यीत जा.”