सव्वासहा टनांची टेस्ट आणि सायलीचे विषय

गेल्या बुधवारी आमच्या कंपनीत क्रेनची टेस्ट होती. अंबरनाथ एमआयडीसीत मी मेंटेनन्सला आहे, बावीस वर्षं झाली. टेस्टच्या दिवशी मी जरा जास्तच भाव खातो, हे आधीच कबूल करतो...

त्या दिवशी माझ्या टिफिनच्या पिशवीत दोन फॉर्म होते. आमच्या सायलीचे, अकरावी सायन्सचे. एक कॉलेजातल्या विषयांचा, एक क्लासचा... दोन्हींवर फक्त माझी सही बाकी होती.

सायलीला दहावीला चौऱ्याण्णव टक्के पडले. मी पेढे घेऊन उल्हासनगर कॅम्प चारपासून बदलापूरपर्यंत सगळ्या नातेवाइकांकडे फिरलो. प्रत्येकाने पेढ्याच्या बदल्यात एकेक सल्ला दिला आणि मी शहाण्याने सगळे घेतले. मॅथ्स ठेवा, बायो पण ठेवा, क्लासला इंजिनिअरिंग आणि मेडिकल दोन्हींची कॉम्बो बॅच लावा, रविवारी टेस्ट सिरीज... एवढे मार्क आहेत तर दार कशाला बंद करायचं?

बायको म्हणाली, पोरगी आहे ती, टेम्पो नाही. मी म्हटलं, चौऱ्याण्णव काढणारीला काय जड आहे? सायलीला विचारलं, तर ती म्हणाली, "चालेल बाबा."

आता आमची सायली म्हणजे अशी, की लहानपणापासून तिला काहीही विचारा, उत्तर एकच. चालेल. शाळेचे बूट घट्ट होते तरी वर्षभर चालेल म्हणत घालून गेली. पाय सोलला तेव्हा आम्हाला कळलं. मी ते चारचौघांत कौतुकाने सांगायचो, काय समजूतदार पोरगी आहे बघा...

तर क्रेनकडे येतो. आमची क्रेन पाच टनांची आहे, तसं तिच्या गर्डरवर, म्हणजे वरच्या आडव्या तुळईवर, मोठ्या अक्षरात रंगवलंय. टेस्टला मात्र तिच्यावर सव्वासहा टन टांगतात. जमिनीपासून वीतभर उचलायचं, दहा मिनिटं धरायचं, गर्डर किती वाकतो ते मोजायचं, आणि हळूच खाली ठेवायचं.

झालं सगळं व्यवस्थित. वजन खाली टेकलं आणि मी घाम पुसतोय, तेवढ्यात प्रॉडक्शनचे नवीन साहेब आले. पोरगेलेसे आहेत, उत्साही. त्यांच्याकडे एक सहा टनांचा डाय, म्हणजे लोखंडी साचा, येऊन पडला होता. म्हणाले, आता सव्वासहा उचललंच आहे, तर उद्यापासून आपण सहाचा माल यावरच घेऊ या की.

माझं डोकंच सटकलं. क्रेन ऑपरेटर यादव वरून गालातल्या गालात हसत होता, त्याला माहीत होतं आता काय होणार. मी साहेबांना अर्धा तास भाषण दिलं.

म्हटलं, "साहेब, टेस्टला उचललं म्हणजे रोज उचलेल असं नसतं. ते एकदा दाखवायचं असतं, मग खाली ठेवायचं असतं. आणि क्रेन तोंडाने बोलत नाही. ती नुसती वाकत जाते."

साहेबांनी डायचा विषय तिथेच सोडला. यादव वरून म्हणाला, "सही बोला, दादा." मी एकदम फुशारक्या मारत जेवायला बसलो... पिशवीत हात घातला, तर टिफिनच्या आधी हाताला फॉर्म लागले.

खरं सांगतो, टिफिन राहिला बाजूला, मी फॉर्मच बघत बसलो. चौऱ्याण्णव टक्के... ती सायलीची टेस्ट होती. आणि मी काय करत होतो? तो आकडा बघून तिच्यावर रोजचा सहा टनांचा डाय टांगायला निघालो होतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण... दुसरं काय.

शिफ्ट सुटल्यावर सरळ सोनिवलीला घरी आलो. सायली गॅलरीत वही घेऊन बसली होती. ही तिची खास वही, बारवी धरणाकडे तिच्या मामाच्या भातशेतीत जे काय किडामुंगी, मुठे-चिंबोऱ्या असले खेकडे दिसतात, त्यांची चित्रं काढायची. दहावीच्या वर्षात ती वही मी माळ्यावर टाकली होती. तिनेच परत काढलेली दिसली.

मी शेजारी बसलो आणि तिला टेस्टची सगळी गोष्ट सांगितली. साहेबांना कसं झापलं तेही, मीठमसाला लावून. ती हसली. मग पेन्सिल थांबवून तिने विचारलं, "टेस्टला किती वेळ धरून ठेवता, बाबा?"

म्हटलं, दहा मिनिटं.

"मी वर्षभर धरलं होतं," ती म्हणाली.

एवढंच. आवाज चढवला नाही, रडली नाही. मला मात्र तिच्याकडे बघवेना... माझ्याच घरात वर्षभर गर्डर वाकत होता, आणि बावीस वर्षांच्या मेंटेनन्सवाल्याला तो दिसला नाही.

मी दोन्ही फॉर्म आणि पेन तिच्यासमोर ठेवलं. म्हटलं, गर्डरवर असतो तसा तुझा आकडा तू लिही. तिने बराच वेळ घेतला. मग मॅथ्सवर एक रेघ मारली, कॉम्बो बॅच खोडून साधी मेडिकलची केली, आणि टेस्ट सिरीजच्या चौकोनापाशी पेन थांबवून माझ्याकडे बघून म्हणाली, "रविवार नको, बाबा."

मॅथ्सचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. त्यात तिला अठ्ठ्याण्णव होते. पण सही केली.

काल रविवारी ती मामाकडे जाऊन आली. येताना डब्यातून दोन मुठे घेऊन आली, ते आता आमच्या बाथरूमच्या बादलीत आहेत आणि बायको माझ्या नावाने खडे फोडतेय. फोडू दे... सोळा वर्षांत पोरगी पहिल्यांदा मला 'नको' म्हणाली, आणि ते मला वेळेवर ऐकू आलं.