लॉरीची उचलती फळी

लॉरीच्या धंद्यात माल पोचवला की गाडी रिकामी होते, असं लोकांना वाटतं. साफ चूक! माल उतरतो, गोष्टी गाडीतच राहतात. भवानी पेठेत आप्पांच्या लॉरी सर्व्हिसमध्ये मी कारकून होतो. तिथल्या गोष्टी सांगायला बसलो तर चहा चारदा गार होईल. म्हणून आज फक्त उचलत्या फळीच्या सांगतो.

त्याआधी यल्लप्पा माहीत हवा. आमचा थोरला हमाल. घरी तेलुगू, पेठेत मराठी, आणि पाठीवर कायम सुताची जडशीळ गाठ. लॉरीला तिरकी फळी लावायची, गाठ पाठीवर घ्यायची आणि त्या फळीवरून चढायचं, ही आमची रीत. एका सकाळी फळी सरकली. यल्लप्पा खाली, गाठ त्याच्यावर.

आप्पांनी त्याला त्याच लॉरीतून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "चालेल, फिरेल, पण ओझं बंद."

परत आल्यावर आप्पांनी ती फळी उचलून बाजूला टाकली. मग म्हणाले, "आता माझ्या गाडीत गाठ माणसाच्या पाठीवरून चढायची न्हाय. गाठीनं आपलं आपण चढायचं."

बोलणं सोपं होतं. चढायचं कसं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं!

*

पहिला आला मुंबईचा एजंट. टाय, हॅट आणि चित्रांचं जाडजूड कॅटलॉग. एका चित्रात एक गोरा साहेब हसतहसत दांडी दाबतोय आणि लॉरीची मागची फळी मालासकट वर येतेय.

"इंजिनच्या जोरावर चालते, शेठ. बोट लावायचा अवकाश!"

आप्पा खूश झाले. चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. मग विचारलं, "आणि बिघडली तर?"

"मुंबईला पाठवा. महिना-दोन महिन्यांत दुरुस्त होऊन येईल."

"तोवर गाठी कोण चढवणार?"

एजंट जराही न अडखळता म्हणाला, "तोवर तुमचे हमाल आहेतच की!"

त्याला चहा मिळाला. ऑर्डर नाही.

*

मग आप्पांनी स्वतःचं डोकं लावलं. लॉरीच्या मागच्या बाजूला एक लांबलचक वासा बांधला, टोकाला विहिरीवरची कप्पी. सगळे दोराला लागले.

"एकेक कशाला? तीन गाठी बांधा एकदम!" आप्पा म्हणाले.

आमचे ड्रायव्हर हुसेनचाचा ब्रेक धरून पुढं सीटवर बसले होते. आम्ही जोर लावला. दोर करकरला, वासा वाकला, सगळे ओरडले, "आली, आली, वर आली!"

तेवढ्यात पुढून चाचांचा शांत आवाज, "मालिक, गाठां वहींच हैं. मैं उप्पर आया!"

बघतो तर लॉरीची पुढची चाकं हवेत!

*

ही बातमी माळशिरसला आप्पांच्या मेहुण्यापर्यंत गेली. मेहुणे शेतकरी गडी. ते खिल्लारी बैल घेऊनच हजर झाले.

"दाजी, यंत्र कशापायी? आमचा सर्जा मोट वढतो, गाठ काय चीज हाय?"

भिंतीलगत मेढ रोवली, कप्पी लावली, सर्जाला जुंपलं. आणि खरं सांगतो, गाठ अशी अलगद चढली की पेठेनं टाळ्या वाजवल्या! आप्पांनी मेहुण्यांना मिठीच मारली.

यल्लप्पा तोवर काठी टेकत येऊन ओट्यावर बसायला लागला होता. त्यानं विचारलं, "हितं चढली. पर गाडी पोचल्यावर अक्कलकोटला उतरवायची कुनी?"

"सर्जानंच की!"

"तो तितं कसा जानार?"

मेहुण्यांनी सर्जाकडं पाहिलं. आप्पांनी लॉरीकडं. शेवटी यल्लप्पाच म्हणाला, "म्हंजे लॉरीनं बैल न्यायचा आन बैलानं गाठ उतरवायची व्हय?"

सर्जा दुसऱ्या दिवशी गावी गेला. जाताना त्याला पेंडीची पाटी मात्र आप्पांनी स्वतः भरवली.

*

एक प्रसंग हसण्यासारखा नाही, पण सांगतो. हमालांत कुजबुज सुरू झाली होती. एका दुपारी यल्लप्पा उठून आप्पांच्या गादीसमोर उभा राहिला.

"मालक, माजी पाठ गेली ती गेली. यंत्र आनून आता समद्यांचं पोटबी नेनार व्हय?"

आप्पांनी समोरची वही मिटली.

"म्हणून तर इंजिनवालं घेतलं न्हाय," ते म्हणाले. "हातानं फिरवायचं घेतो. दांड्याला माणसं लागतील, ती हीच राहतील. एकालाबी घरी बसवणार न्हाय. आणि पहिला दांडा तुझा."

त्या दिवसापासून हमालच लोहारांकडं खेटे घालायला लागले.

*

लोहार दोन. सख्खे भाऊ, शेजारी-शेजारी भट्ट्या आणि कित्येक वर्षं बोलणं बंद! दोघांनीही साखळ्यांवर चढणारी फळी बनवली. थोरल्याची भरभर वर जायची. धाकट्याची कासवाच्या चालीनं, दातेरी चाकात खीळ खटखट अडकत.

आप्पांनी परीक्षा ठेवली. "फळीवर गाठ ठेवून वर न्या, दांडा सोडा आणि बनवणाऱ्यानं खाली उभं राहा."

थोरल्यानं आपल्या फळीकडं पाहिलं, गाठीकडं पाहिलं. "मला जरा घरी जाऊन यायचंय," म्हणाला!

धाकटा पुढं झाला. टोपी काढून माझ्या हातात दिली. "नवी हाय. धरा." आणि उभा राहिला खाली. दांडा सुटला. खीळ अडकली. फळी जागची हलली नाही.

पण थोरला हलला! धावत जाऊन त्यानं भावाला दंडाला धरून ओढलं. "खुळ्या, हो भाईर! आईला काय सांगू मी?"

धाकट्याचे डोळे भरले.

आप्पा म्हणाले, "फळी धाकट्याची. बसवायची दोघांनी."

*

बसवली त्या दिवशी साखळ्यांना हळदकुंकू लावलं, नारळ फुटला. पहिली गाठ खाली तयार होती. यल्लप्पा नवं मुंडासं बांधून दांड्याशी आला, तर आप्पांनी त्याला अडवलं.

"दांडा उद्यापासून. आज आधी तू चढ."

"मी? मालक, मी काय माल हाय व्हय?"

"चढ म्हणतो ना!"

यल्लप्पानं वहाणा काढल्या, फळीला हात लावून कपाळाला लावला आणि काठी धरून मधोमध उभा राहिला. दांड्याला एका बाजूनं हुसेनचाचा, दुसऱ्या बाजूनं धोतर खोचून खुद्द आप्पा. खट, खट, खट... यल्लप्पा हळूहळू वर निघाला. गर्दीतलं कुणी हसलं नाही.

फळी लॉरीला टेकली. आप्पांना धाप लागली होती. घाम पुसत त्यांनी विचारलं, "काय यल्लप्पा, कसं वाटतंय?"

यल्लप्पानं खाली पडलेल्या गाठीकडं एकवार निरखून पाहिलं.

"मालक," तो म्हणाला, "म्हंजे इतकी वर्सं हिला असं बरं वाटत व्हतं व्हय!"