शेजारच्या कुंदाताई

फोन सासूबाईंनीच घेतला. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. त्या दारात येऊन म्हणाल्या, "अगं, घाटकोपरहून फोन होता. तुझ्या माहेरच्या शेजारच्या कुंदाताई सकाळी गेल्या म्हणे." त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. तिथल्याच स्टुलावर बसून त्यांनी डोळे टिपले. मग म्हणाल्या, "जाऊन ये तू. शेजारचंच आहे, तेव्हा सुतकाचा काही प्रश्न नाही. उद्या संकष्टी आहे, मोदक तुलाच करायचेत." मी घाटकोपरला गेले, सगळं आटोपून रात्री बोरिवलीला परतले आणि दुसऱ्या दिवशी सोवळ्यानं एकवीस मोदक वळून देवापुढे ठेवले. सुतकात देवाच्या वस्तूला हात लावायचा नसतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. कुंदा माझी शेजारीण नव्हती. माझी सख्खी मोठी बहीण होती, चार वर्षांनी मोठी. याला आता पाच आठवडे झाले.

कुंदाला कोड होतं. हा शब्द कागदावर मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. आमच्या घरी त्याला नुसतं 'ते' म्हणायचे. 'ते' वाढलंय का, 'ते' दिसतंय का... ती सोळा वर्षांची असताना कोपरावर चार आण्याएवढा पांढरा डाग उठला, मग दंडावर, मग बोटांच्या टोकांवर आणि ओठाच्या एका कडेला. आम्ही मालवणकडची माणसं, मासे खाणारी. कधीतरी एका रविवारी बांगड्याचं जेवण झाल्यावर आईनं कुंदाला वाटीभर खीर दिली होती. मासे आणि दूध एकत्र पोटात गेलं की कोड फुटतं, ही आमच्याकडची पक्की समजूत. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं की याचा खाण्याशी संबंध नाही, हा आजार कुणाला लागतही नाही. पण आईच्या डोक्यातून ती वाटी काही गेली नाही. "माझ्याच हातान झाला गो ह्या," असं ती भांडी घासताना स्वतःशीच म्हणायची. तेव्हापासून कुंदाचे मासे बंद झाले. आम्ही सगळे कालवण ओरपायचो आणि ती त्याच खोलीत भिंतीकडे तोंड करून वरणभात खायची.

कुणीतरी बावचीचं तेल सांगितलं. ते लावून उन्हात बसायचं. चाळीच्या गच्चीवर सकाळी दहा वाजता ती हात उघडे टाकून बसायची आणि कुणी वर येत नाही ना, यावर लक्ष ठेवायला मी जिन्यात. कातडीवर फोड यायचे, पाणी भरायचं. ती मला हाक मारून म्हणायची, "ए, पापड उलटायची वेळ झाली की सांग." मी हसायचे. ती हसायची की नाही, हे जिन्यातून दिसत नसे. दोन वर्षं हे चाललं आणि डाग होते तिथेच राहिले. मग आईनं तिला मनगटापर्यंत बाह्यांचे ब्लाउज शिवले, आणि मुंबईच्या उकाड्यात माझी बहीण पुढची पंधरा वर्षं त्या बाह्यांत राहिली.

तिचा आवाज फार छान होता, म्हणून अंधेरीच्या एका कंपनीत ती टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली. सुरुवातीला बोर्ड पुढच्या दालनात होता. सहा महिन्यांत साहेबांनी तो उचलून जिन्याखालच्या, जुन्या फायलींच्या खोलीत नेला. कारण कुणी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. त्या खोलीला खिडकी नव्हती. वडिलांची गिरणी संपात बंद पडल्यावर आमचं घर त्या खोलीतून येणाऱ्या पगारावर चाललं.

माझ्यासाठी स्थळं बघायला लागले तेव्हा दोन ठिकाणची माणसं घरी येऊन, पोहे खाऊन, कुंदाकडे एकदा बघून गेली आणि परत फिरकली नाहीत. घरात कोड आहे म्हटलं की धाकटीचंही जमत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिसऱ्या वेळी वधूवर मंडळाचा फॉर्म आणला. कुंदाचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून फॉर्म तीच भरायची. भावंडांच्या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं, 'नाहीत'. वडील म्हणाले, "अगो, काय करतंस?" ती म्हणाली, "दोनदा वाट लागलीय ना बाबा, आता पुन्हा नको." तिला कुणी सांगितलं नव्हतं, हे मी पुष्कळ दिवस स्वतःला समजावत राहिले. पण तिच्या हातातलं पेन मी काढून घेतलं नाही, हेही तितकंच खरं.

सासरची माणसं बघायला आली त्या दिवशी पोहे तिनंच केले आणि ती खालच्या मजल्यावर सावंतकाकूंकडे जाऊन बसली. सासूबाईंनी विचारलं, "पोहे तू केलेस का गं?" मी हो म्हणाले. लग्नात करवली म्हणून माझ्यामागे मामेबहीण उभी राहिली. सख्खी बहीण शेवटच्या रांगेत, हात पदराखाली धरून. अक्षता टाकून ती पंगतीच्या आधीच निघून गेली. आमच्या चाळीला सगळं ठाऊक होतं, आणि एरवी कुणाच्या घरी काय शिजलं हे नाक्यापर्यंत पोहोचवणाऱ्या त्या चाळीनं माझ्यासाठी हे खोटं सहा वर्षं सांभाळलं. कुंदा गेल्याचा फोन सावंतकाकूंनीच केला होता, त्यातही त्यांनी 'शेजारच्या' हा शब्द चुकवला नाही.

लग्नानंतर ती ऑफिसच्या बोर्डावरून मला फोन करायची. बहुतेक वेळा फोन सासूबाई उचलायच्या. "मी वैशालीच्या शेजारची कुंदा," असं ती म्हणायची. हळूहळू त्या दोघींचंच जमलं. लोणच्याला खार किती, गुडघ्याला काय लावावं, असं वीस-वीस मिनिटं चालायचं. "किती गोड बोलते गं तुझी शेजारीण. घरी बोलाव की एकदा," सासूबाई म्हणायच्या. मी बरं म्हणायचे आणि विषय बदलायचे. आवाजापुरतं ठीक होतं. पण कुंदाचं आणि माझं नाक एकच आहे, हसताना दोघींचा डावा गाल सारखाच वर जातो. ती दारात उभी राहिली असती तर कुणाला काही सांगावं लागलं नसतं.

मी मात्र रोज आंघोळीच्या वेळी दिव्याखाली उभी राहून कोपरं, गुडघे, बोटं तपासायचे. मुलगी झाल्यावर तिचंही अंग तपासायला लागले. पावडरचा ठिपका राहिला तरी ओल्या बोटानं घासून बघायचे. शेवटी एकदा नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "आईला नको सांगूस." म्हणजे दार उघडायला गेले आणि आणखी एक कडी लागली...

गेल्या वर्षी मे महिन्यात कुंदानं कात्री घेतली आणि सगळ्या ब्लाउजांच्या बाह्या कोपराच्या वर कापून टाकल्या. असं काय घडलं, म्हणून मी खोदून खोदून विचारलं. तिचं उत्तर एवढंच होतं, "घाम येत होता." आई दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी त्याच कापलेल्या बाह्यांनी चुलीवरचं पातेलं उतरवू लागली. पुढच्या रविवारी कुंदा मला म्हणाली, चल, मनोरीला जाऊ. मी घरी काहीतरी थाप मारली. मार्व्याच्या धक्क्यावरून आम्ही बोटीत बसलो तेव्हा समोरच्या बाईनं आपलं पोर उचलून दुसऱ्या बाजूला घेतलं. कुंदानं ते पाहिलं. तिला लागलं नाही असं मुळीच नाही, पलीकडच्या काठापर्यंत ती पाण्याकडे बघत राहिली. पण हात तिनं पदराखाली घेतले नाहीत. मीच तिचा पदर ओढून सारखा करायला गेले, तर माझा हात बाजूला करून म्हणाली, "बघू दे गं. बघून झालं की थांबतात."

तिथे एका घरगुती खानावळीत तिनं तळलेले बांगडे मागवले, सतरा वर्षांनी. बोटं चाटून खाल्ले आणि वर दुधाचा चहा सांगितला. मी घाबरून कपाला हात घातला. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग एकदम म्हणाली, "तू अजून रोज शोधतेस ना अंगावर? मी सोडलं. आरशात बघते तेव्हा ही मीच असते, दुसरी कुणी यायची नाही, हे कळलंय मला. तुझ्या अंगावर एक ठिपका नाही, तरी वाट तुझीच लागलीय." मला राग आला. तिच्यासाठी हे सोपं आहे, तिला सासर नाही, असंही मनात आलं. आज ते आठवलं की स्वतःची शरम वाटते.

या जानेवारीत सासूबाईंनी फोनवर परस्पर तिला हळदीकुंकवाचं आमंत्रण दिलं. दुसऱ्या दिवशी मी माहेरी धावले. कुंदा जेवत होती. म्हणाली, "मी येते गं. शेजारीण म्हणूनच येईन, हवं तर. पण असेच हात घेऊन येईन." मी म्हणाले, "नको येऊस." ती थोडा वेळ भात कालवत राहिली. मग म्हणाली, "बरं. त्यांना सांग, मला सर्दी झालीय." आणि मी तसं सांगितलं.

सहा महिन्यांनी तिला कावीळ झाली. आधी साधीच वाटली, मग पोटात पाणी झालं. इस्पितळात गेले तेव्हा नर्सनं विचारलं, "तुम्ही कोण पेशंटच्या?" सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "शेजारी." कुंदा डोळे मिटून पडली होती. तिनं ते उघडले आणि नर्सला म्हणाली, "बहीण आहे. लाजते." पिवळ्याधमक चेहऱ्यावर तिचा डावा गाल वर गेला. तिच्याशी माझं शेवटचं बोलणं हेच. म्हणजे बोलली ती. मी उशी सारखी करत राहिले.

आमच्याकडे रविवारची पुरवणी आधी सासूबाईंच्या हातात जाते. चष्मा लावून, गॅलरीतल्या खुर्चीत बसून त्या पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतात, मध्येच एखादी ओळ मोठ्यानं मला ऐकवतात. हा लेख छापून आला तर त्या रविवारी मी आत चहा ठेवत असेन आणि बाहेरचा आवाज थांबलेला मला कळेल. नवऱ्याला मी विचारलेलं नाही. आई, तुम्ही इथवर वाचलं असेल तर एवढंच सांगायचंय. फॉर्मवर 'नाहीत' लिहिलं होतं ते खोटं होतं. पोहे तिनं केले होते. तुम्ही तिला घरी बोलावलंत तेव्हा तिला सर्दी झालेली नव्हती. तिला यायचं होतं. मी नको म्हणाले.