पारदर्शक पिशवी

समस्त प्रवासी बंधुभगिनींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की शंभर मिलीलीटरच्या वरची अब्रू विमानात सोबत नेता येत नाही.

मी आणि बायको लेकीकडे परदेशी निघालो होतो. सोबत तिचे सासूसासरे, म्हणजे आमचे व्याही आणि विहीणबाई. तपासणीच्या रांगेत प्रत्येकाच्या हातात पारदर्शक पिशवी होती. कुणाचं गुडघ्याचं तेल, कुणाचं कवळी धुण्याचं औषध. ऐटबाज कोटांच्या आत इतकी दुखरी, पिकलेली माणसं असतात, हे पाहून मला सगळ्यांची माया आली. आपली पिशवी उघडेपर्यंत अशी माया करणं सोपं असतं.

जवानानं माझ्या पिशवीतली बाटली उंच धरली. "हा कलप कुणाचा? बाटली मोठी आहे, चालणार नाही."

येताना गाडीतच मी विहीणबाईंना ऐटीत सांगितलं होतं, की आमच्या घराण्यात केस पिकतच नाहीत. मी छताकडे पाहू लागलो.

"अहो, तुमचाच ना तो?" बायको म्हणाली.

मान खाली घालून मी हात वर केला. बाटली कचऱ्याच्या टोपलीत पडली, आणि तोंडाला पदर लावलेल्या विहीणबाईंना राहवलंच नाही.

"अगंबाई, अख्खं घराणं टोपलीत गेलं की हो तुमचं!"