भिंगाखालची विहीर

जमिनीत बुजलेलं आभाळातून दिसतं, असं नोकरीआधी कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण बुलढाण्याच्या कचेरीत माझं कामच ते होतं. विमानातून घेतलेले दोन फोटो शेजारी ठेवायचे, वरून दुहेरी भिंगातून बघायचं, की अहाहा, सपाट कागदातून टेकड्या वर यायच्या! त्यातून बुजलेल्या विहिरी हुडकायच्या. साल दुष्काळाचं, आणि मला भलतीच मिजास चढलेली.

एकदा डोणगावकडची एक विधवा बाई आली. तिनं संत्र्याची कलमं डोक्यावर घागरी वाहून जगवली होती. शेतात कुठंतरी बुजवलेली विहीर आहे असं सासू म्हणायची. नेमकी जागा न सांगताच सासू वारली. गावकरी चार दिवस खोदून द्यायला तयार होते. जागा चुकली तर कलमं गेलीच.

मी तिच्या शेताचे दोन वर्षांपूर्वीचे फोटो भिंगाखाली मांडले. काळ्या रानात पांढरा गोल, मधोमध ठिपका. "ही घ्या तुमची विहीर! वर मुरूम टाकून बुजवलीय," म्हणत मी लाल खूणही केली.

"मले पाहू द्या ना, भाऊ."

मला हसू आलं. हिला काय कळणार? तिनं भिंगाला डोळे लावले, "अगं माय!" म्हणाली, बराच वेळ बघत राहिली आणि मग हसायलाच लागली.

"हे तं आमचं खळं हाय! त्या साली मीच सारवलं होतं. मधात तिवडा दिसून राह्यला, बैल फिरवाचा खांब."

माझे कान तापले. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलो आणि मळणीचं खळं ओळखता येईना, हात्तिच्या!

ती मात्र उठेना. बांधाजवळच्या काळसर डागावर तिचं बोट थांबलं. "बाजूचा हरभरा सुकला तरी इथचा हिरवाच राह्यते. काऊन, भाऊ?"

बुजवलेल्या विहिरीतली भरावाची माती ओल धरून ठेवते, म्हणून. मी पहिली खूण खोडली आणि त्या डागावर केली.

तिसऱ्या दिवशी विहिरीचे घडीव दगड लागले, चौथ्या दिवशी पाणी. ती चिखलात उतरली, रडली, हसली. "भाऊच्यानं माही कलमं जगली," असं तिनं साऱ्या गावासमोर सांगितलं. मी मान डोलावली.

साहेबांनी पाठ थोपटली, तीही मी थोपटून घेतली. अहवालात 'विहीर फोटोवरून ओळखली' असं लिहिलं. कोणी ओळखली, ते लिहायला पुढं अर्धी ओळ मोकळी होती. मी तिथं सही केली.