डाव्या कानाचं रबर

बोईसर स्टेशनबाहेर ती इअरफोनची रबरं विकते, तीही मासळीसारखी वाट्यावर. तिची आई शिरगावला बोंबील विकायची, तीच रीत. लहान-मोठी रबरं मिसळून ढीग लावायचे आणि घ्यायचा तर अख्खा ढीग घ्यायचा. "निवडून नाय मिळायची," हे ती गिऱ्हाईकाने हात लावायच्या आतच सांगते.

तारापूरला शून्यातून धडधडत्या प्रेस मशीनचं वर्कशॉप उभं करताना मी भल्याभल्यांना भावात वाकवलं. हिला नाही. वर तिचा माल खराब. कुठलंही रबर घातलं तरी डाव्या कानात आवाज बारीकच यायचा. परवा मी भडकलोच. "बाई, लोकांना फसवतेस!"

"वरडू नको दादा, मी काय बहिरी हाय?" तिने माझा इअरफोन ओढून घेतला आणि बाजू बदलून परत दिला. "आता घाल. डावा उजव्यात, उजवा डाव्यात."

उजव्या कानात गाणं खणखणीत वाजलं. डाव्यात पुन्हा तेच, भिंतीपलीकडून आल्यासारखं.

"मोठं रबर दे," मी म्हटलं.

टोमणा मारल्याशिवाय तिचं एक वाक्य संपत नाही. आता मात्र तिने दोन्ही हातांनी सगळे ढीग स्वतःकडे ओढले.

"तुला नाय देणार. कानाच्या डॉक्टरकडं जा, दादा."

मी दुप्पट भाव सांगितला. तिने नकारार्थी मान हलवली.